घर जिचं, ती ज्युरीत का नाही?

वास्तुकलेच्या शिक्षणाचा आणि आपल्या चळवळीचा काय संबंध, असं कुणी विचारलं तर आपल्यापैकी बऱ्याचजणींना चटकन उत्तर सुचणार नाही. वकील मैत्रीण लागते, डॉक्टर लागते, पत्रकार तर लागतेच. वास्तुविशारद मैत्रिणीची आठवण होते ती संस्थेचं ऑफिस बांधायचं निघालं की, तेही पैसे जमले तर. मी या व्यवसायात तीस वर्षं आहे आणि मला वाटतं की घराचा आराखडा करायला शिकणाऱ्या मुलींकडे आपण लक्षच दिलेलं नाही. त्यांना शिकवणाऱ्यांवर ते सोडून दिलं. त्याचे परिणाम गावागावांत विटा-सिमेंटमध्ये उभे आहेत.

गेल्या उन्हाळ्यात कळंब तालुक्यातली एक मुलगी नोकरीसाठी माझ्याकडे आली होती. वास्तुकलेची पाच वर्षं नुकतीच पुरी केलेली. ड्रॉइंगांची भली मोठी गुंडाळी सोबत. पहिल्या वर्षी बसथांबा आणि 'वीकएंड होम', दुसऱ्या वर्षी बालवाडी, तिसऱ्या वर्षी समुद्रकाठचं रिसॉर्ट, मग पुण्यातली उंच इमारत, आणि प्रबंधाला आंतरराष्ट्रीय अधिवेशन केंद्र. हात सुरेख, रेषा स्वच्छ. पाच वर्षांत तिचा स्वतःचा जिल्हा एकदाच आला होता, नळदुर्गच्या किल्ल्याच्या रूपाने. बोरी नदीवरचा बंधारा, त्याच्या पोटातला पाणीमहाल, नर आणि मादी नावाचे ते दोन धबधबे, सगळं वर्गाने मिळून इंचाइंचाने मोजलं होतं. मी विचारलं, "किल्ल्याजवळ ज्या घरी चहा प्यायलात, ते घर मोजलंस का?" ती हसली. म्हणाली, "ते सिलॅबसमध्ये नव्हतं, मॅडम."

तिला दोष देत नाही. किल्ला मोजावाच. पण ज्यांना हा अभ्यासक्रम ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते की 'डिझाइन' हा विषय पाचही वर्षं असतो आणि बाकीचे सारे विषय त्याच्याभोवती फिरतात. दर सत्राला एक प्रकल्प. शिक्षक एक कागद देतात, त्यावर जागा कुठली, खोल्या कुठल्या, कुणाला किती चौरस मीटर, हे लिहिलेलं असतं. विद्यार्थी महिनोन्महिने जागून आराखडे काढतात, पुठ्ठ्याची प्रतिकृती करतात, आणि शेवटी 'ज्युरी' बसते. बाहेरून आलेले दोन-तीन नामवंत आणि वर्गशिक्षक भिंतीवर लावलेल्या कागदांपुढे उभे राहून प्रश्न विचारतात. या प्रश्नांची भीती मुलांच्या मनात वर्षानुवर्षं राहते. कुठला प्रश्न महत्त्वाचा, कुठला फालतू, हे तिथेच मनावर ठसतं. दर्शनी भाग का असा, प्रकाश कुठून येतो, संकल्पना काय, हे महत्त्वाचे प्रश्न. भांडी कुठे घासायची, पाळीचे कपडे कुठे वाळत घालायचे, रात्री उठलेली म्हातारी मोरीपर्यंत कशी जाणार, हे प्रश्न कुणी विचारत नाही. घरमालक त्या कागदावर नेहमी 'तो' असतो. तोही काल्पनिक.

मुलींची संख्या हा आता मुद्दा राहिलेला नाही. पेरिन मिस्त्री १९३६ साली मुंबईच्या जे. जे. मधून वास्तुकलेची पदविका घेऊन बाहेर पडल्या तेव्हा त्या पहिल्याच. आज आपल्याकडच्या वर्गांतून मुली निम्म्या, पुष्कळ ठिकाणी निम्म्याहून जास्त दिसतात. पण मुली आल्या म्हणून कागदावरचे प्रश्न बदलले का? मुलीही तेच रिसॉर्ट करतात. त्यांना तेच करावं लागतं, गुण त्यालाच मिळतात.

१९९३ साली मी तिसऱ्या वर्षाला होते. माहेर उमरगा तालुक्यातलं. ३० सप्टेंबरच्या पहाटे, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनाने दमलेली गावं झोपेत असताना भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. किल्लारीचं नाव सगळीकडे झालं, पण सास्तूर, होळी, पेठसांगवी, माकणी ही आमच्या बाजूची गावंही त्याच पट्ट्यातली. मी घरी पोचले तेव्हा रस्त्याला मदतीचे ट्रक आणि बघे यांची एकच गर्दी होती. माझ्या आत्याच्या घराच्या भिंती दोन्ही अंगांनी फुटून पडल्या होत्या, आणि सागवानी खांब-तुळया मात्र उभ्या होत्या. खांबांच्या मध्ये निजल्यामुळे ती वाचली.

भिंती का फुटल्या, हे मला तिथे पाहून कळलं. माळवदाच्या घराची भिंत दोन-तीन फूट जाड असते, पण ती एकसंध नसते. बाहेरून एक दगडी थर, आतून एक, मध्ये दगडगोटे आणि माती. दोन्ही थरांना जोडणारा, भिंतीच्या आरपार जाणारा दगड कुणी घातलेलाच नसतो. हादरा बसला की दोन थर दोन दिशांना जातात. आणि वर मातीचं ओझं. ते किती असावं याचा अंदाज इंजिनिअर मंडळी फुटांमध्ये करत होती. आत्याला विचारलं तर ती टोपल्यांत सांगायची. "दर साली पावसाळ्याच्या तोंडाला माळवद गळू नये म्हणून वर नवी माती टाकायची. मी लगीन होऊन आले तेव्हापास्नं टाकतेय. कधी चाळीस टोपल्या, कधी पन्नास. जुनी काढायची कुणी?" घराच्या छपरावर दरवर्षी किती वजन चढत गेलं याचा हिशेब त्या गावात कुणाकडे असेल तर तो डोक्यावरून माती वाहणाऱ्या बायांकडे होता. पंचनामे करणाऱ्यांपैकी कुणी तो विचारल्याचं मला आठवत नाही.

दिवाळीनंतर मी कॉलेजात परतले. त्या सत्राचा डिझाइन प्रकल्प होता एका तलावाकाठचं पर्यटक निवास. दोघी-तिघींनी मिळून विनंती केली की आम्हाला भूकंपग्रस्त गावातलं घर हा विषय घेऊ द्या. उत्तर मिळालं की तो 'डिझाइनचा' विषय नाही, तो समाजकार्याचा विषय आहे. कॉलेजचं नाव सांगून उपयोग नाही. त्या वर्षी दुसऱ्या कुठल्याही कॉलेजात यापेक्षा फार वेगळं उत्तर मिळालं असतं असं मला वाटत नाही.

दरम्यान इकडे जे घडत होतं ते कुठल्याही पाठ्यपुस्तकाहून मोठं होतं. राज्य सरकारने जागतिक बँकेच्या कर्जातून पुनर्वसनाचा कार्यक्रम हाती घेतला. बावन्न गावं नव्या जागी वसवायची ठरली. घरं तीन मापांची. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना २५० चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत ४००, त्याहून जास्त असेल तर ७५०. थोडं थांबून याचा अर्थ पाहू या. घरात माणसं किती, लेकरं किती, जनावरं किती, चूल किती जणांची, यावर घराचं माप ठरलं नाही. ते ठरलं सातबाऱ्यावर. आणि सातबाऱ्यावर बाईचं नाव किती ठिकाणी असतं हे आपल्याला शिबिरांतून पाठ झालेलं आहे. नवऱ्याने टाकलेली, भावाच्या दारात राहणारी बाई कुठल्या मापात बसत होती? मापाप्रमाणे घरांच्या ओळी पडल्या, म्हणजे जमीनदार एकीकडे, भूमिहीन दुसरीकडे, आणि जमिनीबरोबर जात आलीच. जुनी गल्ली, ढेळज, ओसरी, जिथे उभ्या उभ्या बोलणं व्हायचं, ते सगळं गेलं आणि सरळ रुंद रस्ते आले. आज त्या वसाहतींतून हिंडलात तर मूळ पक्क्या घराला लागून पत्र्याची शेडं दिसतील. बऱ्याच ठिकाणी चूल त्या शेडात आहे. पक्क्या खोलीत धान्य, कपाट आणि पाहुणे.

ही घरं आखणाऱ्यांत भली माणसं होती, शहाणीही होती. घाई होती, माणसं उघड्यावर होती, हेही खरं. पण त्यांनी आपल्या विद्यार्थिदशेत मालकाला न भेटताच घर काढायची सवय केली होती. माणसं समोर होती तरी त्यांनी कागदच पाहिला.

याच्या उलट अनुभव आला तो दुरुस्तीच्या कार्यक्रमात. बावन्न गावांच्या पलीकडे शेकडो गावांतली घरं पूर्ण पडली नव्हती, तडकली होती. ती जागेवरच मजबूत करायची होती. तिथे प्रेमा गोपालन यांच्या 'स्वयं शिक्षण प्रयोग'ने महिला मंडळांना कामात आणलं आणि गावोगावच्या बायांना 'संवाद सहायक' म्हणून नेमलं गेलं. बऱ्याचजणींचं शिक्षण जेमतेम, काहींनी तोवर तालुक्याचं ऑफिस पाहिलेलं नव्हतं. त्यांनी काय केलं? घरोघर जाऊन मदतीचा हप्ता कसा मिळतो ते सांगितलं. भिंतीला आरपार भोक पाडून, गज घालून, काँक्रीट भरून दोन थर कसे शिवायचे, दारा-खिडक्यांच्या वरून सगळ्या भिंतींना बांधणारा पट्टा का हवा, माळवदावरची माती का उतरवायची, हे आधी स्वतः समजून घेतलं आणि मग शेजारणीला समजावलं. गवंडी कमी गज घालतोय, सिमेंटला पाणी मारत नाही, हे त्या उभं राहून पाहू लागल्या.

मला आठवतं, लोहाऱ्याकडच्या एका बैठकीत एका बाईने विचारलं होतं, "माती कमी करा म्हणता, मग उन्हाळ्यात खोली भट्टी होईल आणि पावसात गळंल. त्याचं काय करायचं ते पण सांगा की." ओझं, उष्णता आणि पाणी यांचा एकत्र विचार करणारा प्रश्न. पाच वर्षांत एकाही ज्युरीत मला इतका नेमका प्रश्न कुणी विचारला नव्हता. पुढे २००१ साली गुजरातेत भूकंप झाला तेव्हा याच दोन जिल्ह्यांतल्या बाया कच्छमध्ये गेल्या, तिथल्या बायांना आपला अनुभव सांगायला. मोडकी हिंदी आणि गुजराती, पण भिंत म्हणजे भिंत, ती दोघींनाही कळत होती.

आता नोकरीच्या उमेदवारीकडे येते, कारण मुलगी तिथे घडते किंवा मोडते. पाच वर्षांत एखादं सत्र प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाचं असतं, नोंदणीकृत वास्तुविशारदाच्या हाताखाली. मी १९९५ साली ज्या ऑफिसात होते तिथे महिन्याला पाचशे रुपये मिळत. माझ्याबरोबरच्या मुलाला पहिल्या आठवड्यात साइटवर धाडलं. मला फरशीचे नमुने आणि पडद्यांचे रंग दिले, आणि तीन महिने स्वयंपाकघरांच्या ओट्यांचे तपशील काढायला लावले. "साइटवर मुलीचं काय काम? तिथे तर बाथरूमसुद्धा नाही." वाक्यातला दुसरा भाग खरा होता. पण त्याच साइटवर डोक्यावर विटा आणि घमेली वाहणाऱ्या वीस-पंचवीस बाया होत्या. त्यांच्यासाठीही बाथरूम नव्हतं आणि ती कुणाची अडचण नव्हती. नंतर १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने स्वच्छतागृहं आणि पन्नासपेक्षा जास्त बाया असतील तिथे पाळणाघराची खोली सांगितली. ती खोली मी माझ्या आयुष्यात फार थोड्या साइटींवर पाहिली.

म्हणजे बघा, गावातल्या बाईला विचारायचं नाही आणि शिकलेल्या मुलीला साइटवर न्यायचं नाही. दोघींनाही चुलीपाशी नेऊन बसवायचं, एकीला खरोखरीच्या आणि दुसरीला कागदावरच्या. आणि गंमत अशी की चुलीपाशी बसवलेल्या त्या मुलीलाही चूल कशी असावी हे ठरवायचा अधिकार नाही. ओट्याची उंचीसुद्धा साहेब सांगणार.

एक गोष्ट कार्यकर्त्यांनी मुद्दाम लक्षात ठेवावी. वास्तुविशारदांची ऑफिसं बहुतेक लहान, चार-सहा माणसांची. रात्री उशिरापर्यंत काम, सबमिशन जवळ आलं की पहाटेपर्यंत. २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक माणसं असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती लागते. त्याहून लहान ऑफिसातल्या बाईने जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं असतं, आणि प्रशिक्षणार्थी मुलगीही या कायद्यात येते. ही साधी गोष्ट माझ्याकडे आलेल्या एकाही विद्यार्थिनीला ठाऊक नव्हती. त्यांना वाटतं आपण 'कर्मचारी' नाही, शिकाऊ आहोत, सर्टिफिकेटवर सही साहेबांची हवी, तेव्हा गप्प बसावं.

आता माझं म्हणणं मांडते. प्रशिक्षणाचं हे सत्र आपण, म्हणजे महिला संघटनांनी, बचतगटांच्या संघांनी, मागून घ्यावं. सध्या खेड्यातली सगळ्यात मोठी घरबांधणी म्हणजे प्रधानमंत्री आवास योजनेचं घरकुल. २०१६ पासून त्याचं किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर, त्यात स्वयंपाकाची जागा धरलेली, मैदानी भागात केंद्राने ठरवलेली मदत १ लाख २० हजार रुपये. घर बाईच्या किंवा नवरा-बायकोच्या जोड नावावर करायचं, असा नियमही आहे, अपवाद वगळता. म्हणजे कागदावर तिचं नाव आलं. आराखडा कोण करतं? बहुतेक ठिकाणी गवंडी करतो, शेजारच्या घरासारखा. पंचायतीचा इंजिनिअर हप्त्यापुरता टप्प्याटप्प्याचा फोटो काढतो. पंचवीस चौरस मीटरमध्ये मोरी कुठे, तिचं दार कुठल्या बाजूला उघडतं, तरण्या मुलीने कपडे कुठे बदलायचे, धूर कुठून बाहेर जाणार, यावर डोकं चालवायला कुणीच नसतं. एका तालुक्यात एक विद्यार्थिनी सहा महिने राहिली तरी केवढं काम होईल! पत्र्याची शेडं का उभी राहिली ते तिने मोजावं. त्यातून तिचा प्रबंधही होईल, तोही अधिवेशन केंद्रापेक्षा अवघड.

फुकट मात्र नको. समाजकार्य म्हटलं की मुलींकडून फुकट काम करून घ्यायची आपल्यालाही सवय आहे, हे स्पष्टच बोलावं. राहायची सोय, एसटीचं भाडं आणि मानधन दिलंच पाहिजे. हाताखाली घेणारी नोंदणीकृत वास्तुविशारद लागेल. माझ्यासारख्या जिल्ह्याच्या गावी काम करणाऱ्या दहा-बारा जणी तरी मी सांगू शकेन.

शिक्षक म्हणतील, विद्यार्थ्याने मोठी स्वप्नं बघायची, पंचवीस चौरस मीटरमध्ये त्याची कल्पनाशक्ती खुंटेल. हे मी फार ऐकलंय. ब्रिंदा सोमाया यांनी १९७८ साली मुंबईत स्वतःचं ऑफिस काढलं, मोठमोठ्या इमारती केल्या, २००० साली स्त्री वास्तुविशारदांची परिषदही मुंबईत त्यांच्याच पुढाकाराने भरली. आणि कच्छच्या भूकंपानंतर भाडली गावाच्या पुनर्बांधणीचं कामही त्यांनी केलं. त्यांची कल्पनाशक्ती खुंटल्याचं कुणी म्हटलेलं नाही. उलट, ज्याला नको तेवढी जागा मिळते त्याला विचार फारसा करावाच लागत नाही.

दुसरी शंका आपल्याच घरातून येते. हिंसा, पोटगी, दारू एवढं सगळं समोर असताना नकाशे काय घेऊन बसायचं? ज्या कार्यकर्तीने रात्री मार खाऊन बाहेर पडलेल्या बाईला हाताळलंय तिने आठवून पाहावं: त्या घराला आतून कडी असलेली दुसरी खोली होती का? बाहेर पडायला दुसरं दार होतं का? नमुना आठवर नाव कुणाचं होतं? हे प्रश्न घर बांधून झाल्यावर विचारले तर उशीर झालेला असतो.

गेल्या डिसेंबरात लोहारा तालुक्यातल्या एका गावात आम्ही एक ज्युरी बसवून पाहिली. माझ्याकडच्या दोन प्रशिक्षणार्थी मुली, समाजमंदिराच्या भिंतीवर त्यांनी काढलेले घरकुलाचे तीन आराखडे, आणि पुढे सतरंजीवर बचतगटाच्या वीसेक बाया. आम्ही सतरंजीवरच खडूने खऱ्या मापात खोल्या आखल्या, कारण कागदावरचं माप सगळ्यांना वाचता येत नाही, पण चालून पाहता येतं. एक आराखडा ताबडतोब नापास झाला. त्यात मोरीचं दार रस्त्याच्या बाजूला होतं. दुसऱ्यात बाजेला जागा नव्हती. तिसऱ्यापाशी एक पोक्त बाई बराच वेळ उभी राहिली, आखलेल्या स्वयंपाकघरात जाऊन बसली, हात लांब करून पाहिले, आणि म्हणाली, "पोरी, इथं बसले की माझी पाठ दाराकडं येती. दारात कोण आलं ते मला दिसलं पाहिजे. चूल त्या कोपऱ्यात घे."

मुलीने फडक्याने खडू पुसला आणि चूल त्या कोपऱ्यात घेतली. मग धुराची खिडकी सरकवावी लागली, आणि खिडकी सरकली तशी धान्याच्या कणगीची जागा. संध्याकाळी साडेसहाला वीज गेली तेव्हा त्या दोघी तिथेच, मोबाइलच्या उजेडात, चौथा आराखडा काढत होत्या.